बर्फातली आणि बिनबर्फाची मासळी एकाच भावाने का?



बंदी उठायला आता थोडेच दिवस राहिले. ३१ जुलैची रात्र सरली की पुन्हा इंजिनं सुरू होतील. जेटीवर जाळ्यांची डागडुजी, पंपाची दुरुस्ती, बोटींना रंग, सगळं एकदमच चाललंय. ओडिशा-झारखंडचे खलाशी निघालेत, काही पोचलेसुद्धा. ऑफिसात रोज कोणी ना कोणी डिझेलची नाहीतर बर्फाची नोंद करायला येतो आणि जाता जाता एकच प्रश्न विचारतो, "सेक्रेटरी, यंदा भाव मिळेल ना?"

भाव व्यापारी पाडतो, दलाल पाडतो, बाहेरून येणारी मासळी पाडते, ही आपली नेहमीची तक्रार. त्यात खोटं काही नाही. पण भाव पाडणारा आणखी एक आहे आणि तो आपल्याच शेडमध्ये, आपल्याच काट्याजवळ उभा असतो. समितीत मी हा विषय दोनदा काढला, दोन्ही वेळा तो चहाबरोबर संपला. म्हणून आज इथे सगळ्यांसमोर लिहितोय. रागावणारे रागावतील, त्याला इलाज नाही.

गेल्या फेब्रुवारीतली एक सकाळ सांगतो. पाच दिवसांची ट्रिप करून सोसायटीचे दोन ट्रॉलर पाठोपाठ जेटीला लागले. दोघांकडेही राणी मासा, बाळे आणि थोडी माणकी. पहिल्याच्या मालकाने निघताना नेहमीपेक्षा जास्त लाद्या भरल्या होत्या. तांडेल जुना, शिस्तीचा. मासळी डेकवर पडल्याबरोबर धुवायची, जात वेगळी करायची, क्रेटमध्ये खाली बर्फ, मध्ये मासळी, वर परत बर्फ. माणकी वेगळ्या प्लास्टिकमध्ये बांधून, कारण बर्फाच्या वितळलेल्या पाण्यात ती बुडून राहिली की तिचा रंग जातो आणि कंपनीवाला तिला हात लावत नाही. दुसऱ्या ट्रॉलरचा बर्फ तिसऱ्याच दिवशी संपत आला होता. होता तो वरच्या थराला मारून आणला. वरून बघितलं तर दोन्ही क्रेट पांढरेशुभ्र, सारखेच.

लिलाव पुकारला. व्यापाऱ्याने दोन्हीकडचे वरचे चार मासे दाबून बघितले, दुसऱ्याच्या एका क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घातला, नाक मुरडलं आणि दोघांची राणी एकाच रेटने उचलली. रेट अर्थातच खालच्या मासळीचा.

पहिला मालक पट्टी घ्यायला ऑफिसात आला. कागद हातात धरून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "सेक्रेटरी, मग मी जास्तीचा बर्फ घातला कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या ट्रिपला त्याने लाद्या कमी नेल्या. रजिस्टरमध्ये मीच लिहिल्या, म्हणून मला माहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपला लिलाव असा आहे की चांगली मासळी आणणारा हरतो आणि हयगय करणारा त्याच्या जिवावर तरतो. मग हळूहळू सगळेच हयगय करायला लागतात. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात ना, तसं. व्यापाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. वीस क्रेटांत कुठल्या क्रेटच्या तळाला काय आहे, ते त्याला कळत नाही. न कळणाऱ्या मालाला तो वाईटातला वाईट धरूनच भाव बोलणार. त्याच्या जागी तुम्ही असता तर तेच केलं असतं.

आता कोणी म्हणेल, ऑफिसात पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकतोय. तर ऐका, मी स्वतः काय केलंय ते. बारावी झाल्यावर नोकरी मिळेपर्यंत चार वर्षं मी बाबांच्या पातीवर होतो. एकदा दोन दिवस गिऱ्हाईक नव्हतं, बांगडा उरला होता. मी कालचा बांगडा टोपलीत खाली घातला, वर त्या दिवशीचा ताजा रचला, डोळे बाहेरच्या बाजूला, शेपट्या आत. टोपली अशी दिसत होती की फोटो काढावा. आई ती घेऊन बाजारात गेली. तिसऱ्या दिवशी तिची कायमची गिऱ्हाईक, शाळेतली एक बाई, आईला म्हणाली, "तुझा बांगडा खाल्ला आणि पोराचं तोंड लाल झालं, अंगभर खाज सुटली." आईने मला एका शब्दानेही विचारलं नाही. पण ती बाई पुन्हा आमच्या टोपलीजवळ थांबली नाही. आई तिच्यासाठी वर्षभर चांगला बांगडा बाजूला काढून ठेवायची.

आपल्याकडे म्हणतात, बांगडा बाधला. कोणाला 'उष्ण' पडला म्हणतात. तो उष्ण वगैरे काही नसतो. बांगडा, तारली, कुपा ह्या जातींच्या मांसात एक द्रव्य असतं. मासळी उन्हात, गरम डेकवर राहिली की जीवाणू त्याचं हिस्टामिन करतात. एकदा ते झालं की उकळा, तळा, फ्रीझरमध्ये ठेवा, जात नाही. वास येईलच असंही नाही. हुमण कितीही झणझणीत केलं तरी ते त्यात राहतंच. म्हणून 'शिजवल्यावर काय होतंय' हे बोलणं निदान बांगड्याच्या बाबतीत तरी बंद करा. ते होऊ न देण्याचा उपाय एकच, पकडल्यापासून गार ठेवणं. नंतर घातलेला बर्फ पुढचं नुकसान थांबवतो, झालेलं परत आणत नाही.

बर्फाचा हिशोब पण सांगून टाकतो, कारण 'एवढा बर्फ लागतो कशाला' हे दर हंगामात ऐकतो. आपल्या दर्यातून वर आलेला मासा साधारण २८ ते ३० अंश गरम असतो. १० किलो मासळी तिथून शून्यापर्यंत गार करायलाच साडेतीन किलोच्या आसपास बर्फ वितळतो. एवढा बर्फ फक्त गार करण्यात गेला, टिकवायला अजून काहीच उरलेलं नाही. त्यात होल्डच्या भिंतीतून, झाकण उघडताना येणारी गरमी. म्हणून जाणकार सांगतात की आपल्या हवेत मासळीएवढाच बर्फ हवा, किलोला किलो. एका ट्रिपला किती लाद्या लागतील ते आपण डिझेलसारखं मोजतच नाही. डिझेल संपलं तर बोट दर्यात अडकते, म्हणून ते मोजतो. बर्फ संपला तर बोट येते परत, फक्त मासळी येत नाही, तिचं खत येतं.

आणि उशिराची किंमत बघा. शून्य अंशावर मासळी २४ तासांत जेवढी उतरते, तेवढी ती १० अंशावर ६ तासांतच उतरते. १० अंश म्हणजे आपल्या हाताला गारच लागतं! वरचा थर हाताला गार लागला म्हणून क्रेट चांगला, असं समजणाऱ्याने एकदा मधल्या माशाच्या पाठीत थर्मामीटर खुपसून बघावा. मी बघितलाय. त्या दुसऱ्या ट्रॉलरच्या मधल्या क्रेटमध्ये तेव्हा १४ अंश निघाले होते.

उतरलेल्या मासळीचं शेवटी काय होतं? बाळ्याचं पोट फुटलं, चंदेरी कातडी खरवडली की कंपनीची गाडी ते घेत नाही. कोळंबीचं डोकं काळं पडलं की ती लोकल बाजारात. मग सगळ्याला शेवटचा वाली फिशमीलची गाडी, जिथे तारली काय नि राणी काय, सगळ्याचं पीठच व्हायचं. पाच दिवस दर्यात राहून, खलाशांना खाऊ घालून, डिझेल जाळून आपण पीठ आणतो. गेल्या हंगामात काही पट्ट्या लिहिताना माझाच हात थांबला होता.

कोळंबीवरून आठवलं. काळी पडू नये म्हणून पावडर मारण्याची सवय वाढलीय. पावडर वाईटच आहे असं मी म्हणत नाही, ठरलेल्या मापात ती चालते. पण माप कोण करतो? मूठभर मारली, पाणी ओतलं, झालं. जास्तीची पावडर तपासणीत सापडते आणि दम्याच्या माणसाला त्याचा त्रास होतो. लगेच धुऊन, डोकी काढून, बर्फात घातली तर अर्धं काम तसंच होतं.

आता २०१८ ची गोष्ट. त्या जुलैत मडगावच्या घाऊक मासळी बाजारात तपासणी झाली आणि मासळीत फॉर्मेलिन असल्याची बातमी गोवाभर पसरली. मुडदे टिकवायला वापरतात ते द्रव्य, माणसं हादरली. आधी आहे म्हणाले, मग मर्यादेत आहे म्हणाले, त्यामुळे लोकांचा जास्तच संशय वाढला. सरकारने बाहेरच्या मासळीवर बंदी घातली. पुढे नोव्हेंबरात परवाना आणि इन्सुलेटेड गाडी असल्याशिवाय आत सोडणार नाही असं केलं, तेव्हा सिंधुदुर्ग आणि कारवारच्या आपल्याच भाऊबंदांना त्याचा फटका बसला. त्यांच्या गाड्यांत फॉर्मेलिन नव्हतं, पण नियम सगळ्यांना सारखा.

जुलैत आपल्या बोटी बांधलेल्या होत्या. त्या मासळीशी आपला काही संबंध नव्हता. तरी ऑगस्टमध्ये आपली पहिली मासळी बाजारात गेली तेव्हा काय झालं आठवतंय का? आईला एका माणसाने विचारलं, "ह्याच्यावर माशा का बसत नाहीत?" तिने त्याला सांगितलं, बर्फात आहे म्हणून. त्याचा विश्वास बसला नाही. तो शेजारच्या टोपलीकडे गेला, जिच्यावर माशा घोंघावत होत्या, आणि तिथून घेतली! तेव्हापासून कित्येक दिवस ताजी म्हणजे माशा बसलेली, असा उलटा कायदा बाजारात चालला. हसू येतं, पण आपल्या बायकांनी ते दिवस कसे काढले ते त्यांना विचारा.

त्यात मला एक गोष्ट लागली. लांबून येणारी मासळी टिकत नाही, बर्फाला पैसे लागतात, म्हणून कोणीतरी औषध मारलं. म्हणजे मुळात चोरी झाली ती बर्फाची. आपण फॉर्मेलिन मारत नाही हे खरं. पण बर्फ वाचवण्याचा मोह आपल्यालाही तोच आहे. आणि गिऱ्हाइकाने विचारलं की तुमची मासळी चांगली कशावरून, तर 'आम्ही गोंयकार आहोत' ह्यापलीकडे दाखवायला आपल्याकडे काय होतं? काहीच नव्हतं.

म्हणून फेब्रुवारीतल्या त्या सकाळीनंतर मी चेअरमनांना विचारून एक प्रयोग केला. दोन डिजिटल थर्मामीटर आणले, टोकदार सुईवाले. शेडच्या मधोमध चुन्याची रेघ मारली. बोट लागली की तीन क्रेट मी निवडायचे, मालकाने नाही. मधल्या थरातला मासा घ्यायचा, पाठीच्या जाड मांसात सुई घालायची. तिन्ही ५ अंशांच्या खाली असले तर रेघेच्या उजवीकडे. नसले तर डावीकडे. उजवीकडचा लिलाव आधी आणि वेगळा. बस्स, एवढंच.

सोपं वाटतं ना? सतरा दिवस चाललं आणि समितीने बंद केलं.

पहिले आठ-नऊ दिवस व्यापाऱ्यांनी दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच भाव बोलला. सगळे माझ्याकडे बघून हसत होते. व्यापाऱ्यांनाही रेघेवर विश्वास नव्हता, त्यांना वाटलं सेक्रेटरी आपल्या माणसांना उजवीकडे बसवतोय. मग हॉटेलांना मासळी पुरवणारा एकजण सलग तीन दिवस फक्त उजवीकडचीच इसवण आणि माणकी घेऊन गेला. चौथ्या दिवशी त्याने किलोमागे थोडा जास्त भाव दिला, कारण त्याची मासळी परत आली नव्हती. ते बघून दुसराही बोलायला लागला. फार मोठा फरक नव्हता, खोटं सांगणार नाही. बांगड्याला तर फरक पडलाच नाही. पण जास्तीच्या बर्फाचे पैसे निघून वर काही उरत होतं, निदान त्या दोन जातींना.

मग बाराव्या दिवशी माझ्या मेहुण्याची बोट आली. तीन क्रेट काढले. ९ अंश, ११ अंश, ८ अंश. मी म्हटलं, डावीकडे. तो म्हणाला, "भाऊजी, घरच्या माणसाला पण?" सगळी शेड बघत होती. मी डावीकडेच पाठवली. त्या दिवसापासून तो आमच्या घरी जेवायला आलेला नाही आणि बायकोने मला हे किती वेळा ऐकवलंय ते विचारू नका. पण त्याला उजवीकडे घातलं असतं तर रेघ तिथेच पुसावी लागली असती.

चूक माझीही झाली, ती मोठी होती. एक म्हातारे होडीवाले आहेत, पहाटे जवळच जाळं टाकतात आणि साताला किनाऱ्याला. त्यांची मुड्डोशी अजून ताठसुद्धा झाली नव्हती, इतकी ताजी. मी शहाण्याने त्यात थर्मामीटर घातला, २६ अंश आले, आणि नियम म्हणून डावीकडे पाठवली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की अजून विसरलो नाही. म्हणाले, "सेक्रेटरी, हा मासा तुझ्या त्या काट्यापेक्षा शहाणा आहे." खरं होतं ते. दोन तासांपूर्वी पाण्यात असलेली मासळी आणि पाच दिवसांची मासळी एकाच मापाने मोजणं हा मूर्खपणा होता. त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. पण बोभाटा व्हायचा तो झाला आणि समितीला प्रयोग थांबवायला कारण मिळालं.

म्हणून यंदा मी सुधारून परत मांडतोय. होडीची, रापणीची, पातीची त्याच दिवसाची मासळी तिसरीकडे, तिचा लिलाव सगळ्यांत आधी, किनाऱ्याला लागल्यापासून तासाभरात. तासाभरात विकली गेली नाही तर तिलाही बर्फ. रापणकार भावांना हे पटत नाही, मला ठाऊक आहे. "आमची जिवंत मासळी, आम्हाला बर्फ कशाला." सकाळी सातला जिवंत असते, बरोबर. पण वाळूत उन्हात पडलेला बांगडा दहा वाजता जिवंत नसतो. सगळ्यांत चांगली मासळी तुमची आणि सगळ्यांत लवकर बिघडतेही तुमचीच, कारण तुमच्याकडे बर्फाची पेटीच नाही. एक टब, त्यात दर्याचं स्वच्छ पाणी आणि फोडलेला बर्फ कालवलेला, एवढं किनाऱ्यावर ठेवलं तर बांगडा-तारली मिनिटांत गार होतात. क्रेटमधल्या बर्फापेक्षाही लवकर, कारण पाणी सगळीकडून लागतं.

ट्रॉलरवाल्यांची अडचण वेगळी आहे आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. मालक घरी, बोट दर्यात. बर्फ घालायचा की नाही हे रात्री दोन वाजता, जाळं वर आल्यावर, दमलेला खलाशी ठरवतो. त्याला महिन्याचा पगार आणि भत्ता. मासळी उजवीकडे गेली काय, डावीकडे गेली काय, त्याला काय पडलंय? त्याला बोलून काही होणार नाही. ज्या ट्रिपला मासळी उजवीकडे जाईल, त्या ट्रिपचा जास्तीचा जो भाव मिळेल त्यातला वाटा डेकवरच्या माणसांना द्या. किती द्यायचा ते प्रत्येक मालकाने ठरवावं. दोन मालकांनी त्या सतरा दिवसांत दिला होता, त्यांच्या बोटीवरच्या पोरांनी दुसऱ्याच ट्रिपला बर्फ बारीक फोडायला घेतला. मोठे ढेकळे मासळीला टोचतात आणि मध्ये पोकळी राहते, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, आपोआप कळलं.

होल्डमध्ये जागा नाही, हे पण ऐकलं. जागा बर्फाने जाते तेवढी मासळी कमी येईल. येईल, कबूल. पण तळाची मासळी वरच्या वजनाने चेपून, पाण्यात बसून पीठवाल्याकडेच जाते ना? ती आणलीच नाही तर काय बिघडलं? खोल ढीग करून आणण्यापेक्षा क्रेट अर्ध्यापेक्षा थोडा वर भरा.

आता सोसायटीची स्वतःची लाज पण सांगतो, नाहीतर म्हणाल नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. आपला बर्फ फोडायचा क्रशर गंजलेला आहे. लाद्या आपण शेडच्या जमिनीवरून फरफटत नेतो, त्याच जमिनीवरून सगळे चपला घालून फिरतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मासळी आणि क्रेट आपण जेटीच्या कडेला बादली सोडून नदीचं पाणी काढून धुतो. त्या पाण्यात बोटींचं डिझेल आहे, वरच्या गावांचं सांडपाणी आहे, आपल्या खलाशांचं पण आहे. पाच दिवस बर्फात जपलेली मासळी शेवटच्या पाच मिनिटांत त्या पाण्याने न्हाऊ घालायची! हे कोणा मालकाचं काम नाही, सोसायटीचं आहे. नळाच्या पाण्याची लाईन शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत आणायला समितीने मंजुरी द्यावी, नवीन क्रशर घ्यावा, हे दोन ठराव मी माझ्यातर्फे ठेवतोय. पाण्याची लाईन झाली नाही तर थर्मामीटरचं बोलायचा मला अधिकार नाही, असं कोणी सभेत म्हणालं तर मी गप्प बसेन.

पैशाचं म्हणाल तर २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फाच्या पेटीसह मोटरसायकल, इन्सुलेटेड गाडी, बर्फ कारखाना ह्यांना मदत ठेवलेली आहे. सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. आपल्यात बाजारात बसणाऱ्या बायका एवढ्या, पण ऑफिसात त्यांचे अर्ज बोटांवर मोजण्याइतके आले. कागद काय लागतात ते विचारायला या, अर्ज मी लिहून देतो. थर्मोकोलच्या फुटक्या डब्यात दुपारपर्यंत मासळी जपायची हे त्यांनी किती दिवस करायचं?

सुक्या मासळीचं आज लांबवत नाही, तो वेगळा विषय आहे आणि तो आईसारख्या बायकांनी लिहायला हवा, मी नाही. एवढंच म्हणतो की रस्त्याच्या कडेला वाळूत पसरलेलं सुकट आणि बांबूच्या मांडवावर जाळीत सुकवलेलं सुकट पुरुमेताच्या बाजारात शेजारी शेजारी ठेवून बघा. दुसऱ्याला दात लावल्यावर कचकच येत नाही, हे गिऱ्हाईक स्वतःच सांगतं. तिथेही दोन्ही एकाच भावाने जातात, कारण कोणी वेगळी मांडत नाही.

काही जणांची भीती अशी आहे की रेघ मारली तर सोसायटीत दोन तट पडतील. पैसेवाले उजवीकडे, गरीब डावीकडे. ह्याचा मी खूप विचार केला. त्या सतरा दिवसांत उजवीकडे गेलेल्या बोटींत सगळ्यांत मोठी बोट नव्हती, आपल्यातली सगळ्यांत जुनी एक लाकडी बोट होती. बर्फ उधारीवर द्यायची सोय सोसायटी करू शकते, डिझेलला करतोच आहे. ट्रिपच्या पट्टीतून कापून घ्यायचा. तट पडायचे ते आजही पडलेलेच आहेत. चांगला तांडेल असलेला मालक आपली मासळी आपल्या लिलावात न आणता परस्पर विकायला लागलाय. दोघांची नावं मला माहीत आहेत, तुम्हालाही माहीत आहेत. ते गेले तर शेडमध्ये उरेल ती फक्त डावी बाजू.

रविवारी सकाळी १० वाजता शेडमध्येच सभा आहे. विषयपत्रिकेत हा विषय चौथा आहे, चहा पाचव्यानंतर ठेवायला सांगितलाय. दोन्ही थर्मामीटर ऑफिसात टेबलावर आहेत, ज्यांना शंका आहे त्यांनी आधी येऊन बर्फाच्या पाण्यात घालून बघावेत, शून्य दाखवतात की नाही. गेल्या हंगामातल्या पट्ट्या घरी असतील तर सोबत आणा, फेब्रुवारी-मार्चच्या तर नक्की आणा. माझ्याकडे रजिस्टर आहे, पण तुमचा कागद आणि माझं रजिस्टर समोरासमोर ठेवलेलं बरं. आणि मेहुण्याला निरोप पाठवलाय, बघू येतो का.

आपला,
सेक्रेटरी